एक्स-रे नॉर्मल, तरी खुबा दुखतो

विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत दवाखान्यात येतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत कमरेचे एक्स-रे, गुडघ्याचे एक्स-रे, रक्त-लघवीचे रिपोर्ट, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे. पाच-सहा महिन्यांपासून इलाज सुरू असतो. खुब्याचा फोटो मात्र त्या पिशवीत सापडत नाही; सापडलाच तर त्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा असतो. पूर्व विदर्भात हाडांचा दवाखाना चालविणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही.

“कंबर नाही दुखून राहिली डॉक्टरसाहेब, इथं जांघेत दुखून राहिलं,” मुलगा सांगतो. सोबत आलेली आई म्हणते, “जेवाले मांडी घालून बसता येत नाही जी याले.” आईचे हे एक वाक्य त्या सगळ्या पिशवीपेक्षा मोलाचे असते. तरुण माणसाला जांघेत दुखते आणि मांडी घालून बसता येत नाही, एवढे कळल्यावर डॉक्टरच्या मनात पहिला संशय खुब्याचा यायला हवा. खुब्यातील हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरणे, असा हा आजार आहे. वैद्यकीय भाषेत त्याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. दवाखान्यात सगळे ‘एव्हीएन’ म्हणून मोकळे होतात, आणि गावाकडे ‘खुबा सुकला’ असे म्हणतात. मला विचाराल तर गावाकडचे नाव अधिक बोलके आहे.

या आजारात मूळ खुबा वाचविण्याची जी काही संधी असते ती पहिल्या काही महिन्यांतच असते. आपल्याकडे नेमके तेच महिने कमरेच्या एक्स-रेत आणि सुईत निघून जातात, ही माझी तक्रार आहे. ती रुग्णाविरुद्ध नाही, आमच्या व्यवसायाविरुद्ध आणि आपल्या आरोग्य व्यवस्थेविरुद्ध आहे.

हाड म्हणजे दगड किंवा लाकूड असा अनेकांचा समज असतो. हाड हे जिवंत असते. त्यात पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, मोडतोड आणि डागडुजी रोज चालू असते. खुब्याचा सांधा म्हणजे एक वाटी आणि त्या वाटीत फिरणारा, मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा. या गोळ्याला रक्त पोचविणाऱ्या मुख्य वाहिन्या खालून, हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. त्या बारीक असतात आणि त्यांना पर्यायी वाट जवळजवळ नसते. कालव्याच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वर कुठे पाट फुटला, कुठे गाळ साचला, कुणी पाणी अडविले, तरी पहिला फटका टेलच्या धानाला बसतो. खुब्याचा गोळा हे आपल्या शरीरातले टेलचे शेत आहे.

रक्त थांबले की हाडातील पेशी १२ ते ४८ तासांत मरतात. पण हाड त्याच दिवशी मोडत नाही, आणि इथेच फसगत होते. पेशी मेल्या तरी हाडातला चुना जागेवर असतो, आकार जागेवर असतो, काही काळ ताकदही असते. एक्स-रेला दिसतो तो चुनाच. जिवंत हाड आणि नुकतेच मेलेले हाड एक्स-रेमध्ये सारखेच दिसते. म्हणून ‘नॉर्मल’ असा शेरा देणारा खोटे बोलत नसतो. त्या यंत्राला जेवढे दिसते तेवढे तो सांगतो. पुढे शरीर स्वतःच दुरुस्तीला लागते. मेलेले हाड काढायचे आणि नवे भरायचे हे काम सुरू होते. काढण्याचा वेग जास्त, भरण्याचा कमी. वाड्याचा वासा बदलताना टेकू न देता जुना वासा काढून घेतला तर जे होईल तेच इथे होते. वरचे कूर्चेचे गुळगुळीत आवरण शाबूत असते, पण त्याच्या खालचे हाड आत दबते. त्या वेळी एक्स-रेमध्ये गोळ्याच्या वरच्या कडेखाली चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ दिसते. ही चंद्रकोर दिसली की समजावे, गोळा आता चपटा व्हायला लागणार. त्यानंतर वाटीही झिजते, पाय आखूड होतो आणि तरुण माणूस साठीच्या म्हाताऱ्यासारखा चालू लागतो.

म्हणजे एक्स-रे आजार दाखवितो, पण उशिरा दाखवितो. लवकर दाखविणारी तपासणी एमआरआय ही होय. चंद्रकोर दिसण्याच्या कितीतरी आधी एमआरआयमध्ये मेलेल्या भागाची हद्द स्पष्ट दिसते आणि तो भाग केवढा आहे हेही कळते. त्यातही एक गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अनेकदा पाहायला मिळते. जमीन गहाण टाकून, नागपूरला जाऊन काढलेला एमआरआय असतो, पण तो कमरेचा! कमरेच्या एमआरआयमध्ये खुबा सहसा येतच नाही. कमरेच्या मणक्याची एखादी चकती थोडी सरकलेली निघते, ती निरोगी माणसातही निघू शकते, आणि त्या चकतीवर पुढचे चार महिने उपचार होतात. म्हणून चिठ्ठीवर ‘दोन्ही खुब्यांचा’ असे लिहिलेले आहे का, हे रुग्णाने जरूर विचारावे. दोन्ही अशासाठी की इजेशिवाय होणारा हा आजार निम्म्याहून अधिक रुग्णांत दोन्ही बाजूंना असतो. दुसरा खुबा आज दुखत नसेल, पण वाचविता येण्याजोगा कदाचित तोच असेल.

दुखण्याची जागाही चकविते. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत असते, मांडीच्या पुढच्या भागात उतरते आणि कित्येकदा थेट गुडघ्यात जाणवते. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरविणाऱ्या काही नसा समाईक आहेत, त्यामुळे खुब्याची हाक गुडघ्यातून ऐकू येते. गुडघा दुखतो, गुडघ्याचा फोटो स्वच्छ, गुडघ्यात इंजेक्शन, आणि खुबा तिकडे मरतो आहे. मुलांच्या बाबतीत तर मी पालकांना नेहमी सांगतो की चार ते दहा वर्षांचे मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल तर आधी खुबा तपासून घ्या. या वयात पर्थेस नावाचा, रक्तपुरवठ्याच्याच बिघाडाचा आजार होतो. रुग्णाला पाठीवर झोपवून, गुडघा व खुबा दुमडून पाय आत-बाहेर वळवून पाहिला तर अर्ध्या मिनिटात खुब्याचा संशय येतो. दुखऱ्या खुब्यात आतल्या बाजूला वळणे आधी कमी होते. या तपासणीला पैसा लागत नाही, वीज लागत नाही. रुग्णाला टेबलावर झोपवावे मात्र लागते, आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढेच होत नाही.

आता कारणांकडे वळू. खुब्याची मान मोडणे किंवा खुबा निखळणे हे एक सरळ कारण. मोटारसायकलचा अपघात, मोहाच्या झाडावरून पडणे, असे काही झाले की त्या बारीक वाहिन्या तुटतात किंवा ताणल्या जातात. निखळलेला खुबा सहा तासांच्या आत जागेवर बसवावा असे आम्ही मानतो. हाडवैद्याकडे दोन दिवस तेलमालिश करून मग आणलेला खुबा बसविता येतो, पण तो जगेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. वर्षानुवर्षे भरपूर दारू हे दुसरे कारण, आणि ते नाकारण्यात रुग्णापेक्षा त्याचे सोबती पटाईत असतात. स्टेरॉइड हे तिसरे. परंतु आपल्या भागात आणखी एक कारण आहे. पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकात ते यादीच्या तळाशी असेल, आपल्याकडे ते वर ठेवले पाहिजे. ते म्हणजे सिकलसेल.

सिकलसेलचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी केले आणि भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार हा त्याचा पट्टा. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही दोषी गुण आला की मूल ‘एसएस’ म्हणजे रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ‘एएस’ म्हणजे वाहक. वाहकाला सहसा हा त्रास होत नाही. रुग्णाच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला, पाणी कमी पडले, ताप आला, थंडी वाजली की विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. जिथे वाट आधीच अरुंद आणि एकेरी, तिथे त्या सर्वांत आधी अडकतात. म्हणून खुब्याचा गोळा, आणि कधी खांद्याचाही.

या मुलांना लहानपणापासून हातपाय दुखण्याची सवय असते. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे. घरचेही म्हणतात, याचे नेहमीचेच आहे. डॉक्टरही म्हणतात, सिकलसेल आहे, दुखणारच. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर उभे राहून, पाणी न पिता काम केले की दुखणे उसळते. सलाईन आणि वेदनाशामक घेतले की चार-आठ दिवसांत ओसरते. पण चार-आठ दिवसांत ओसरणारे दुखणे वेगळे आणि जांघेत ठाण मांडून बसलेले, पाऊल टाकताच कळ आणणारे, मांडी घालू न देणारे दुखणे वेगळे. हा फरक रुग्णाने, आशाताईने आणि डॉक्टरने ओळखला पाहिजे. तीन-चार आठवडे टिकलेले जांघेचे दुखणे सिकलसेलच्या रुग्णात ‘नेहमीचे’ समजू नये.

यात तेल ओतण्याचे काम सुई करते. दुखणे झटकन थांबावे म्हणून वेदनाशामकासोबत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड टोचण्याची पद्धत गावोगावी आहे. वातावरच्या काही पुड्यांतही ते मिसळलेले असते. पुडी घेतली की भूक लागते, चेहरा गोल दिसू लागतो, दुखणे पळते आणि पुडी बंद केली की दुप्पट येते, अशी ज्याची हकिगत असेल त्याच्या पुडीवर मी संशय घेतो. सिकलसेलमध्ये तर स्टेरॉइडने आज आराम पडून काही दिवसांनी दुखण्याचा मोठा झटका येऊ शकतो. म्हणजे टेलच्या शेताचे पाणी आधीच कमी, त्यात आपणच पाट बुजवायचा.

पण स्टेरॉइडला सरसकट विष म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन दिले गेले आणि काही दिवसांत ती चालू लागली. या संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, ल्युपस, किडनीचे काही आजार यांत आजही या औषधाने जीव वाचतात. करोनाच्या साथीतही २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीने दाखविले की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, दिल्यास मृत्यू कमी होतात. आपल्याकडे अनेकांनी मात्रा वाढविली, दिवसही वाढविले. २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी करोनानंतर खुबा सुकलेल्या तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून या आजाराचे नाव घरोघरी पोचले. माझा आक्षेप औषधावर नाही, ते कोण देतो, किती देतो आणि कागदावर लिहितो की नाही यावर आहे. हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. एक सूचना मात्र इथेच देतो. ज्यांना डॉक्टरने स्टेरॉइड दीर्घकाळ दिले आहे त्यांनी हा लेख वाचून ते एकाएकी बंद करू नये. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकते. कमी करायचे ते डॉक्टरच्या सल्ल्याने, पायरीपायरीने.

उपचारांबद्दल लोकांच्या दोन टोकाच्या कल्पना आहेत. एक म्हणजे, गोळ्यांनी बरे होईल. दुसरी, खुबा बदलण्याशिवाय गत्यंतर नाही. गोळा चपटा होण्याआधी रुग्ण हाती लागला तर करण्यासारखे काही असते. हाड विरघळण्याचा वेग कमी करणारी अलेन्ड्रोनेटसारखी औषधे आहेत, आणि त्यांवर आपल्या मुंबईतही अभ्यास झाला आहे. हाडाला बारीक छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे, तीत कधी रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी भरतात. मेलेला भाग लहान असेल तर यांचा उपयोग होण्याची आशा बरी असते. मोठा असेल तर कमी. गोळा एकदा चपटा झाला की छिद्र पाडण्यात अर्थ नाही. ‘ऑपरेशनशिवाय कोणत्याही अवस्थेतला खुबा बरा’ अशा जाहिराती आपल्या भागातही झळकतात. मोडलेल्या मडक्याला बाहेरून लेप दिल्याने त्याचा आकार परत येत नाही, इतकेच म्हणतो.

काठीविषयी थोडे. चालताना काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. विरुद्ध हातात धरली तर खुब्यावरचा भार खऱ्या अर्थाने कमी होतो. उकिडवे बसणे, डोक्यावर ओझे वाहणे, उड्या मारणे टाळावे. संडासासाठी मध्ये भोक पाडलेली खुर्ची करून घ्यावी. याने मेलेले हाड जिवंत होत नाही, हेही स्पष्ट सांगतो, पण दुखणे सुसह्य होते.

कृत्रिम खुबा ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. खाटेला लागलेली माणसे तिने पुन्हा कामाला लागली आहेत. पण २२ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत थोडा हिशेब करावा लागतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार शंभरातले सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात, आणि त्या आढाव्यातले बहुसंख्य रुग्ण वयस्कर, बेताचे चालणारे होते. शेतात राबणाऱ्या तरुणाचा खुबा त्याहून लवकर झिजेल असे धरून चालावे. म्हणजे आयुष्यात दुसरी, कदाचित तिसरी शस्त्रक्रिया. सिकलसेलमध्ये हाडाची पोकळी कठीण झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो, भूल देताना अंग थंड पडू न देणे, पाणी आणि प्राणवायू कमी पडू न देणे, गरजेप्रमाणे आधी रक्त देणे ही सगळी काळजी घ्यावी लागते. तरीही दोन्ही पाय आखडून मूल घरात कोंडले गेले असेल तर ‘वय लहान आहे, थांबा’ असे म्हणत बसणे मला पटत नाही. पंचविशी ते पन्नाशी ही कमावण्याची, संसाराची वर्षे असतात. ती खाटेवर घालवून साठीत नवा खुबा बसविण्याचा उपयोग काय?

म्हणूनच माझा सगळा भर आधीच्या महिन्यांवर आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत आजार हटविण्याचे उद्दिष्ट आहे आणि आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. चांगलेच आहे. लग्नाआधी रक्त तपासा, हा संदेशही योग्य आहे. पण पुढच्या पिढीची काळजी करताना आज हयात असलेल्या एसएस रुग्णाचे काय? मी पाहिलेल्या शिबिरांत रक्ताचा थेंब घेतला जातो, कार्ड दिले जाते, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. “बाळा, मांडी घालून बस बरं,” असे म्हणणारे कोणी मी तिथे पाहिले नाही. दहा वर्षांवरच्या प्रत्येक एसएस रुग्णाला वर्षातून एकदा मांडी घालायला लावावी, पाय आत-बाहेर वळवून पाहावा आणि अडचण दिसली की दोन्ही खुब्यांचा एमआरआय सरकारी खर्चाने व्हावा. यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. आशाताईंच्या वहीत एक रकाना वाढविला की झाले. हायड्रॉक्सियुरिया हे औषध झटक्यांचे प्रमाण कमी करते. ते वजनाप्रमाणे, रक्ततपासणी करीत घ्यायचे असते. ते तालुक्याच्या ठिकाणी बारमाही मिळाले पाहिजे. महिन्याची गोळी आणायला ज्याला एक रोजी बुडवून जिल्ह्याला यावे लागते तो चौथ्या महिन्याला येत नाही.

शेवटी एक कामाची माहिती, कारण अनेक रुग्णांना ती नसते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जी २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरली आहेत त्यांत सिकलसेल आहे. एसएस रुग्णाने जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे प्रमाणपत्रासाठी जाताना रक्ताचा इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा अहवाल सोबत न्यावा. नुसती सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. खुबा दुखत असेल तर खुब्याचे फोटो आणि एमआरआयही न्यावेत, आणि हाडांच्या डॉक्टरकडून खुब्याची वेगळी तपासणी करून ती नोंद कागदावर घ्यावी. शस्त्रक्रियेची वेळ आली तर शासनाच्या योजनेत काय बसते हे त्याच रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे, रेशन कार्ड बरोबर ठेवून.